चढाई, पकड आणि सहा कळा

कबड्डीचा सामना हरलेला संघ त्या रात्री काय करतो, हे आपण कधी पाहिले आहे काय? आधी पाय शेकतो, मग जेवतो, आणि मग भांडतो. "तू पुढे का गेलास?" "मी गेलोच नाही, तूच मागे राहिलास." "तिसऱ्या चढाईला कोण सुटला?" "सुटला नाही, पंचानं दिला." असा हा संवाद मध्यरात्रीपर्यंत चालतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच संघ तीच चूक घेऊन पुन्हा मैदानात उतरतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी शाळेच्या पटांगणावर खुल्या गटाचे तीन दिवसांचे सामने होते. आमच्या तरुण मंडळाच्या संघाला शिकवणारे क्रीडाशिक्षक माझे शेजारी. मी स्वतः कबड्डी खेळलो ती शाळेत असताना, आणि तीही राखीव खेळाडू म्हणून. पण टंकलेखनाचा मला जुना सराव आहे आणि संगणकाची भीती वाटत नाही. एवढ्या भांडवलावर सरांनी मला त्या तीन दिवसांसाठी संघाचा चित्रगुप्त नेमले. प्रेक्षकांच्या मागच्या भिंतीवर तिपाई लावून मोबाईलने सामना टिपायचा आणि रात्री त्यातल्या महत्त्वाच्या जागा काढून द्यायच्या, असे काम. या कामात मला जे उमगले ते आज आपल्यापुढे मांडतो. विषय वरवर पाहता बारीक आहे: संगणकाच्या कळफलकावरच्या कोणत्या कळा कोणत्या बोटाने दाबाव्यात. पण त्यावर आमच्या संघातल्या एका मुलाची जागा टिकणार होती की जाणार होती, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

पहिल्या दिवशी आमचा संघ हरला. स्पर्धा गटवार पद्धतीची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा संधी होती. हरण्याचे खापर डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलावर फुटले. तो बाजारपेठेतल्या एका दुकानात कामाला आहे, मालकाची मिनतवारी करून सुट्टी काढून आलेला. "सगळ्या पकडी यानंच सोडल्या," असे एकजण म्हणाला, दुसऱ्याने मान डोलावली, आणि बघता बघता ते सर्वांचे मत झाले. सरही म्हणाले, "मलाही तसंच वाटतंय. उद्या त्याला बसवू." मुलगा काही बोलला नाही.

आता सर काही दुष्ट नव्हेत. त्यांनी सामना डोळ्यांत तेल घालून पाहिला होता. पण पाहणे वेगळे आणि आठवणे वेगळे. इयान फ्रँक्स आणि गॅरी मिलर या दोन संशोधकांनी १९८६ साली याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुटबॉलचा अर्धा सामना, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांचा खेळ, माणसांना दाखवला आणि मग काय काय घडले ते विचारले. बरोबर उत्तरांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी भरले. जे थरारक, जे शेवटी घडले, जे आपल्या मनातल्या मताला जुळते, ते ध्यानात राहते; बाकीचे वाहून जाते. कोपऱ्यावरच्या मुलाच्या हातून शेवटच्या मिनिटाला एक चढाईपटू सुटला होता, तो सगळ्यांना आठवत होता. त्याआधी त्याने काय काय केले, ते कोणालाच नीट सांगता येत नव्हते.

चित्रफीत मात्र हाताशी होती. मी रात्री नऊ वाजता बसलो. सरांनी सांगितले, "आपल्या प्रत्येक चढाईचा आणि त्यांच्या प्रत्येक चढाईचा वेगळा तुकडा पाहिजे." मी म्हटले, त्यात काय एवढे! आणि माऊस हातात घेतला.

थोडा हिशोब करू. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, म्हणजे चाळीस मिनिटे खेळ. एका चढाईला जास्तीत जास्त तीस सेकंद. म्हणजे एका सामन्यात चढाया ऐंशीच्या घरात. प्रत्येक चढाईसाठी मी काय करत होतो? चित्र थांबवायचे. खालच्या पट्टीवरचा ठिपका माऊसने मागे ओढायचा. तो हमखास जास्त मागे जायचा, मग पुढे. तिथे तुकड्याची सुरुवात. मग पुन्हा पुढे, तिथे शेवट. मग तुकड्याला नाव टाईप करायचे, मग साठवायचे. एका तुकड्याला दीड मिनिट धरले तरी ऐंशींना दोन तास होतात, आणि मला त्याहून अधिक लागले. रात्री बारा वाजता पूर्वार्ध जेमतेम संपला होता. सर खुर्चीतच झोपले होते. मुले तर केव्हाच निजली होती. मग तुकड्यांचा उपयोग कोणाला?

त्या रात्री बारानंतर मी माऊस बाजूला ठेवला. आधी माऊसने वेळ का खाल्ला ते पाहू. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला. हात एखाद्या लक्ष्यापर्यंत नेण्याला लागणारा वेळ हा ते लक्ष्य किती दूर आहे आणि किती लहान आहे यावर ठरतो. जितके दूर आणि जितके लहान, तितका उशीर. पडद्यावरचे बटण म्हणजे असेच लहान आणि दूरचे लक्ष्य. पण खरा तोटा सेकंदांचा नाही. त्या बटणाकडे पाहण्यासाठी डोळा खेळावरून काढावा लागतो. चढाईपटू बोनस रेषेकडे झेपावत असताना आपण पडद्याच्या कोपऱ्यातले बटण शोधत असतो! आता पेटीवाल्याकडे पहा. गवई तान घेतो तेव्हा पेटीवाल्याचे डोळे गवयाच्या तोंडाकडे असतात, पट्ट्यांकडे नसतात. बोटांना पट्ट्यांचे घर ठाऊक असते. कळफलकावरही हेच करायचे आहे.

यासाठी ज्या प्रणाली असतात, त्यांचे मूळ तत्त्व सोपे आहे. पोथी वाचताना आपण मोरपीस घालून ठेवतो. पोथी फाडत नाही. तसे इथेही मूळ चित्रफीत कापली जात नाही. तुम्ही कळ दाबली की प्रणाली फक्त टिपून ठेवते, की अमुक मिनिट अमुक सेकंदाला अमुक नावाची घटना घडली. यालाच टॅग लावणे म्हणतात. शेवटी तुम्ही सांगता, "या नावाच्या सगळ्या जागा एकापाठोपाठ दाखव," आणि ती दाखवते. व्यावसायिक संघ यासाठी महागड्या प्रणाली वापरतात. आमच्यासारख्यांना इटलीतल्या तोरिनो विद्यापीठात तयार झालेली बोरिस नावाची मोफत प्रणाली पुरते. गंमत अशी की ती मुळात प्राण्यांच्या वागणुकीची निरीक्षणे टिपण्यासाठी केलेली आहे. माकडाने खाल्ले की एक कळ, खाजवले की दुसरी. एका वर्तनाला एक कळ आपणच नेमून द्यायची. माकडांच्या जागी कबड्डीपटू घातले, एवढाच आमचा बदल. (मुलांना हे सांगितले नाही.)

आता कळा कशा नेमाव्यात? नवशिका माणूस इथेच फसतो, आणि मीही फसलो. पहिल्या उत्साहात मी तेवीस कळा नेमल्या. हात लागला तर एक, लाथ लागली तर एक, डुबकीला एक, हनुमान उडीला एक, घोट्याच्या पकडीला एक, कमरेच्या पकडीला एक. कागदावर तक्ता फार सुंदर दिसत होता. प्रत्यक्षात चढाई संपली की मी विचार करत बसायचो: याला कोणती बरे? तोपर्यंत पुढची चढाई निम्मी झालेली असायची. विल्यम हिक या ब्रिटिश संशोधकाने १९५२ साली हेच मोजून दाखवले होते. समोर पर्याय जितके अधिक, तितका निवडीला वेळ अधिक. पर्याय दुप्पट झाले की वेळेत दरवेळी ठरावीक भर पडते. बोटे कितीही चपळ असली तरी अडते ते डोके.

म्हणून पहिल्या फेरीला कळा फक्त सहा ठेवल्या. त्यांची मांडणी सांगतो, कारण सगळी गोम मांडणीतच आहे.

कळफलकाच्या मधल्या ओळीत एफ आणि जे या दोन कळांवर एक बारीक उंचवटा असतो. टंकलेखनाच्या वर्गात बसलेल्यांना तो परिचयाचा आहे. न पाहता दोन्ही तर्जन्या घरी आणण्यासाठी तो असतो. डावा हात आपल्या चढायांचा, उजवा हात प्रतिपक्षाच्या चढायांचा. तर्जनीखाली एफ आणि जे: चढाईपटू गुण घेऊन परतला. मधल्या बोटाखाली डी आणि के: रिकामी चढाई, कोणालाच काही नाही. अनामिकेखाली एस आणि एल: चढाईपटूची पकड झाली. म्हणजे दोन्ही हात एकमेकांचे आरशातले रूप. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच: चढाई कोणाची, तो हात, आणि निकाल कोणता, ते बोट. अंगठ्याखाली स्पेसची लांब कळ, चित्र थांबवायला आणि चालू करायला. चाळीस मिनिटांत हात कळफलकावरून उचलावा लागत नाही.

इंग्रजी अक्षरांवरून कळा नेमण्याचा मोह पुष्कळांना होतो. 'रेड'ला आर, 'टॅकल'ला टी, 'बोनस'ला बी. दोन दिवस हे सोपे वाटते, कारण अक्षर आठवते. पण बोट जवळचे की लांबचे याचा त्यात विचार नसतो. संगणकावर कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे यांच्या कळा एक्स, सी आणि व्ही अशा शेजारीशेजारी आहेत. चिकटवण्याचा आणि व्ही या अक्षराचा काय संबंध? काही नाही. तिन्ही कळा डाव्या हाताच्या सहज आवाक्यात आहेत आणि आज जगभर लोक त्या न पाहता दाबतात. अक्षराची आठवण लवकर पुसते, बोटाची सवय टिकते.

आता दुसरी गोम, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. कळ घटनेच्या आधी दाबायची नाही, घटना संपल्यावर दाबायची. हे ऐकायला उलटे वाटते. पण चढाई सुरू होताना तिचे काय होणार हे आपल्याला कुठे ठाऊक असते? निकाल कळल्यावरच तिचे नाव ठरते. म्हणून प्रणालीला आधीच सांगून ठेवायचे, की मी कळ दाबली की त्या क्षणापासून दहा सेकंद मागे जा आणि तीन सेकंद पुढे ये. तेवढा तुकडा माझा. चढाई तीस सेकंदांची असली तरी पुष्कळदा खरा झगडा शेवटच्या काही सेकंदांतच होतो. आपले बोट थोडे उशिरा पडले तरी काही बिघडत नाही. लोण चढताना किंवा मोठा वाद झाला तर लांब तुकडा हवा असतो. त्याला सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा अशी दोनदा दाबायची वेगळी कळ ठेवता येते. आम्ही ती नेमली, आणि सबंध स्पर्धेत तीनदा वापरली.

पहिली फेरी अशी निघते. चित्र नेहमीच्या वेगाने चालू, डोळे मैदानावर, बोटे आपल्या घरी. दोन चढायांमधला रिकामा वेळ बाणाच्या कळेने उडवायचा. हात सरावला की सामन्याला जेवढा वेळ, जवळजवळ तेवढ्याच वेळात फेरी संपते. मग दुसरी फेरी. पण ती सगळ्या सामन्याची नव्हे. सरांना आपला बचाव तपासायचा होता, तर प्रतिपक्षाच्या चढायांचे, म्हणजे जे आणि एलचे तेवढे तुकडे काढायचे. इथे कबड्डीनेच आम्हाला एक देणगी दिली. बचावाला सात खेळाडू उभे राहतात: डावा कोपरा, त्याच्या शेजारचा, डावा कव्हर, मधला, उजवा कव्हर, त्याच्या शेजारचा आणि उजवा कोपरा. कळफलकाच्या वरच्या ओळीत आकडे आहेत एकापासून सातपर्यंत, त्याच क्रमाने! ज्याने पकडीला हात घातला, त्याच्या जागेचा आकडा दाबायचा. पाठांतर शून्य. फक्त डावा म्हणजे बचाव करणाऱ्याचा स्वतःचा डावा, पाहणाऱ्याचा नव्हे, हे आधी ठरवावे. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात आणि पडद्यावर सगळे उलटे दिसते. तेव्हा हे ठरवलेले नसेल तर डावा कोपरा निम्मा सामना उजवा होऊन बसतो. बोनसचा गुण असेल तर वर बी. एका चढाईत बोनसही मिळतो आणि शेवटी पकडही होते, म्हणून बोनस ही वेगळी घटना न ठेवता वरची चिठ्ठी ठेवलेली बरी.

काही खड्डे आहेत. ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे, कारण त्यातल्या प्रत्येकात मी पडलो आहे.

कळ दाबायची आणि सोडायची; दाबून धरायची नाही. कळफलकाची रीत अशी आहे की कळ दाबून धरली तर तो तेच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. एका रोमहर्षक पकडीला माझी अनामिका कळेवरच राहिली आणि एकाच चढाईत प्रतिपक्षाचे अकरा चढाईपटू धरल्याची नोंद झाली. आमच्या संघाच्या इतिहासातला हा विक्रमच म्हणायचा! कंट्रोल आणि झेड, म्हणजे शेवटचे रद्द कर, ही जोडी म्हणून आधी शिकावी.

दुसरा खड्डा आपल्या भाषेचा आहे. दुसऱ्या दिवशी सरांनी आयोजकांना मराठीत अर्ज टाईप केला आणि संगणक तसाच माझ्या हाती दिला. मी पाच मिनिटे कळा दाबत होतो आणि एकही नोंद पडेना. मराठी कळफलक चालू राहिला होता. त्यावर जे दाबले की 'र' उमटतो, के दाबले की 'क', एफ दाबले की वेलांटी. त्या बिचाऱ्या प्रणालीला वेलांटी म्हणजे यशस्वी चढाई हे कसे कळावे? बसण्यापूर्वी भाषा तपासावी, हे तेव्हापासून भिंतीवर लिहून ठेवले आहे.

तिसरे असे की काही कळा आधीच कोणीतरी बळकावलेल्या असतात. यूट्यूबवर जे, के आणि एल या कळा दहा सेकंद मागे, थांबा आणि दहा सेकंद पुढे या कामांना दिलेल्या आहेत. चित्रपट जोडणाऱ्यांच्या प्रणालींतही याच तीन कळा उलटे, थांबा, सुलटे यासाठी रूढ आहेत. तुमच्या प्रणालीत असा संघर्ष निघाला तर नोंदीच्या कळा एक ओळ वर सरकवा. कळ लावण्यात आमचे गाव पूर्वीपासून पटाईत आहे. पण एका कळेला दोन कामे लावून दिली की त्यातले एकही धड होत नाही.

आणि चित्रफितीचे तुकडे. पुष्कळ कॅमेरे मोठी फाईल एका ठरावीक आकाराला आली की आपोआप तोडतात आणि पुढचा भाग नव्या फाईलमध्ये घालतात. नव्या फाईलचे घड्याळ पुन्हा शून्यापासून. दोन्ही भाग आधी जोडून मगच खुणा लावाव्यात. नाहीतर उत्तरार्धातली पकड पूर्वार्धात शोधत बसण्याची वेळ येते.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती कळांच्या पलीकडची आहे. खेळातल्या घटना मोजण्याचा छंद संगणकाहून जुना. इंग्लंडात चार्ल्स रीप नावाचे वायुदलातले एक हिशोब अधिकारी होते. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाऊन विरुद्ध ब्रिस्टल रोव्हर्स हा फुटबॉलचा सामना पाहताना ते पूर्वार्धाला कंटाळले, आणि मध्यंतरानंतर पेन्सिल काढून त्यांनी प्रत्येक हल्ल्याची नोंद करायला सुरुवात केली. पुढे कित्येक वर्षे ते सामन्यामागून सामने असे टिपत राहिले आणि १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन यांच्याबरोबर त्यांनी संख्याशास्त्राच्या मासिकात निबंध लिहिला. पेन्सिल, वही आणि स्वतः ठरवलेल्या खुणा. म्हणजे आमच्या सहा कळाच की!

रीप यांना दिसले, की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासनंतर होतात. त्यावरून त्यांनी म्हटले, लांब मारा, पासांचा घोळ घालू नका. नोंद खरी होती. पण पुढे २००५ साली माईक ह्यूज आणि आधी उल्लेखलेले फ्रँक्स यांनी अशाच आकड्यांकडे वेगळ्या बाजूने पाहिले. फुटबॉलमध्ये थोड्या पासांचे हल्लेच मुळी फार मोठ्या संख्येने होतात; चेंडू सारखा हातचा जातो. मग गोलही त्यांतूनच जास्त येणार! किती हल्ल्यांमागे एक गोल, असा हिशोब मांडला तेव्हा लांब पासमालिका अधिक फलदायी ठरल्या. बाजारात जिथे गर्दी, तिथे पाकिटेही जास्त मारली जातात. म्हणून तिथला प्रत्येक माणूस खिसेकापू ठरत नाही.

याचा आमच्या कळांशी संबंध असा, की डी आणि के या रिकाम्या चढायांच्या कळा कधीही गाळू नयेत. नवे लोक म्हणतात, "रिकाम्या चढाईची कशाला नोंद? काही घडलंच नाही." पण एखाद्या चढाईपटूने पाच गुण आणले हे सांगून काय कळते? ते आठ चढायांत आणले की वीस, हे रिकाम्या चढायांवाचून कळत नाही. तसेच पकडीचे. सुटलेल्या तेवढ्या मोजल्या की जो सर्वांत जास्त वेळा पकडीला जातो, तोच सर्वांत जास्त दोषी दिसतो.

आणि आमच्या मुलाचे नेमके हेच झाले होते.

पहिल्या रात्री साडेबाराला मी सहा कळांची मांडणी करून पुन्हा पहिल्यापासून बसलो. दोनच्या सुमारास दोन्ही फेऱ्या झाल्या. सरांना उठवले, चहा टाकला, आणि एक आकड्याचे तुकडे, म्हणजे डाव्या कोपऱ्याच्या पकडी, एकापाठोपाठ लावले. एकूण नऊ वेळा तो पकडीला गेला होता. चार यशस्वी, पाच सुटलेल्या. संघात दुसरा कोणीही चार वेळासुद्धा पकडीला गेलेला नव्हता.

सर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सुटलेल्या पाचच पुन्हा लाव." पुन्हा लावल्या. आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, की इथे कळांचे काम संपले होते. कळ एवढेच करते, की चाळीस मिनिटांत विखुरलेली पाच चित्रे एका मिनिटात शेजारीशेजारी आणून ठेवते. त्यांत काय आहे ते जाणत्या डोळ्यानेच पाहायचे. मला ती पाचही सारखी दिसत होती. सरांनी तिसऱ्या वेळेला स्पेसची कळ स्वतः दाबली, पडद्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "याच्या शेजारी कोण आहे?" पाचांपैकी चार वेळा त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. शेजारचा गडी आधीच बाद होऊन बाहेर बसलेला, आणि कव्हर मध्यभागी सरकलेला. मुलगा घोटा बरोबर धरत होता, पण आधाराला येणारे दुसरे माणूसच नव्हते. चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेत होता. सगळ्यांच्या आठवणीतली शेवटच्या मिनिटाची पकड त्या चारांपैकीच एक.

सकाळी सात वाजता सरांनी मुलांना गोळा केले आणि हे तुकडे दाखवले. एकूण पाच मिनिटे लागली. कोणी भांडले नाही. पडद्याशी कोण भांडणार? शेजारचा गडी बाद झाला तर कव्हरने डावीकडे सरकायचे, आणि तो सरकेपर्यंत कोपऱ्याने हात घालायचा नाही, एवढेच ठरले. मुलगा खेळला. तो सामना आम्ही चार गुणांनी जिंकलो आणि त्यापुढचा हरलो, आणि स्पर्धा आमच्यापुरती संपली. तेव्हा सहा कळांनी संघाला चषक मिळवून दिला अशी कोणाची समजूत व्हायला नको.

या कामाला लागणारी आणखी एक शिस्त राहिली. एकाच सामन्याला दोघांनी वेगवेगळे बसून खुणा लावाव्यात आणि मग पडताळून पाहाव्यात. सरांनी आणि मी हे केले तेव्हा आमचा सर्वांत मोठा मतभेद निघाला तो "पकडीला गेला" म्हणजे काय, यावर. माझ्या मते हात पुढे केला की गेला. सरांच्या मते चढाईपटूला स्पर्श झाला तरच गेला. दोन्ही बाजूंना तर्क होता. शेवटी सरांची व्याख्या वहीत लिहिली, आणि पहिल्या सामन्याच्या खुणा मी तिच्याप्रमाणे पुन्हा तपासल्या. सुदैवाने डाव्या कोपऱ्याचे नऊ नऊच राहिले. दुसऱ्या एकाचे मात्र तीनाचे दोन झाले.

तो मुलगा आता रविवारी दुपारी दुकान बंद झाले की माझ्याकडे येतो आणि सरावाच्या सामन्यांना स्वतः खुणा लावतो. टंकलेखन तो कधी शिकलेला नाही. तरी पहिल्या महिन्यातच कळफलकाकडे पाहणे त्याने सोडले. माझ्याहून त्याची बोटे लवकर पडतात, कारण पकड होणार की सुटणार हे त्याला माझ्या आधी दिसते. गेल्या आठवड्यात म्हणाला, "काका, कव्हर वेळेवर सरकला की नाही, याला एक कळ पाहिजे." मी म्हटले, ती दुसऱ्या फेरीत ठेवू. तो म्हणतो, पहिल्याच फेरीत हवी. आमचा वाद अजून मिटलेला नाही.